पाहुणे सांगायला आले होते

११ फेब्रुवारी १८१३ या दिवशी मुंबई बंदरात तीन अमेरिकन माणसे उतरली. गॉर्डन हॉल, सॅम्युअल नॉट आणि नॉट यांच्या पत्नी रोक्साना. हॉल अठ्ठावीस वर्षांचे, नॉट चोवीस वर्षांचे. मुंबईत त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. मराठीचा एक शब्दही त्यांना येत नव्हता. पुण्यात अजून दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती, तेव्हा घाट चढून वर जायचा प्रश्नच नव्हता. आणि ज्या कंपनी सरकारच्या मुंबईत ते उतरले, त्या सरकारला हे पाहुणे नको होते. तरीही ते आले, कारण त्यांना काहीतरी सांगायचे होते. येशू ख्रिस्ताचे शुभवर्तमान इथल्या लोकांच्या कानी घालायचे, एवढ्या एका कामासाठी त्यांनी घरदार सोडले होते.

परदेशी मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे दोन ठराविक भाषणे ऐकायला मिळतात. एकात ते देवदूत असतात, दुसऱ्यात साम्राज्याचे हेर. मला आज या दोन्हींच्या बाजूला सरून, या एका चमूचे पुढे काय झाले एवढेच सांगायचे आहे. ते सांगायला आले होते हे खरे, पण त्यांना इथे राहावे लागले, आणि राहिल्यामुळे जे घडले ते त्यांनी मनात योजलेल्या गोष्टीपेक्षा फार वेगळे निघाले.

आधी ते आले कुठून ते पाहू. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात विल्यम्स कॉलेज आहे. १८०६ च्या उन्हाळ्यात तिथले पाच विद्यार्थी मोकळ्यावर प्रार्थनेला जमले असता वादळी पाऊस आला आणि त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. आशियात जाऊन धर्मप्रसार करायचा, हा विचार त्या गंजीपाशी निघाला, अशी तिकडची आठवण आहे. हॉल त्या पाचांत नव्हते, पण त्याच कॉलेजचे होते. पुढे १८१० साली परदेशी मिशनांसाठी ‘अमेरिकन बोर्ड’ स्थापन झाले आणि ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली. त्यांतले तिघे सपत्नीक निघाले. म्हणजे पाच पुरुष आणि तीन स्त्रिया, अशी आठ माणसांची ही तुकडी. अमेरिकेतून आशियात धर्मप्रसारासाठी निघालेली ही पहिलीच. निम्मी सेलमहून ‘कॅरव्हॅन’ जहाजाने निघाली, निम्मी फिलाडेल्फियाहून ‘हार्मनी’ जहाजाने. फिलाडेल्फिया हे नाव जरा लक्षात ठेवा, त्या गावी आपल्याला परत जायचे आहे.

तुकडी कलकत्त्याला पोहोचली आणि तिथेच तिचे तुकडे झाले. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर कंपनीने धसका घेतला होता. धर्माला हात लावला तर शिपाई बिथरतात, आणि शिपाई बिथरले की व्यापार बुडतो, हा तिचा सरळ हिशेब. त्यात १८१२ च्या जूनमध्ये अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जाहीर झाले. म्हणजे हे पाहुणे मिशनरी तर होतेच, वर शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला. अ‍ॅडोनिराम जडसन आणि त्यांची पत्नी अ‍ॅन यांनी कलकत्त्यातच पंथ बदलून बाप्टिस्ट मत स्वीकारले आणि पुढे ते रंगूनला गेले. ल्यूथर राइस यांनीही तेच मत घेतले आणि ते अमेरिकेला परतले. सॅम्युअल न्यूएल आणि हॅरिएट हे जोडपे मॉरिशसला निघाले. हॅरिएट गरोदर होती. जहाजावरच तिचे बाळंतपण झाले, बाळ गेले, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी तीही गेली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. हिंदुस्थानात तिला काहीच करता आले नव्हते. पण तिचे चरित्र अमेरिकेत छापले गेले आणि ते वाचून पुढच्या पिढीतल्या किती मुलींनी समुद्र ओलांडायचे ठरवले त्याची मोजदाद नाही. उरलेली तीन माणसे मुंबईला आली.

मुंबईचे गव्हर्नर सर एव्हान नेपियन हे स्वतः धार्मिक वृत्तीचे गृहस्थ होते. माणसे त्यांना आवडली, पण कलकत्त्याचा हुकूम मोडता येईना. परत पाठवणीचे हुकूम निघत, काहीतरी कारणाने ते लांबत, पुन्हा निघत. एकदा तर हॉल आणि नॉट गुपचूप जहाजात बसून कोचीनपर्यंत गेले आणि तिथून त्यांना धरून परत आणले गेले. हॉल यांनी गव्हर्नरला लांबलचक अर्ज लिहिले. त्यांत विनंती होती, तर्क होता, आणि देवापुढे याचा जबाब द्यावा लागेल अशी आठवणही होती. अखेर लंडनमध्ये कंपनीची सनद बदलली, १८१३ च्या कायद्याने मिशनऱ्यांना दार किलकिले झाले, आणि हे लोक राहिले. न्यूएल सिलोनमार्गे १८१४ मध्ये त्यांना येऊन मिळाले. नॉट आजारपणामुळे १८१५ साली परतले. आठांतले दोघे उरले.

आता या दोघांचा आत्मविश्वास पाहा. १८१८ साली त्यांनी एक पुस्तिका लिहिली. जगातल्या साठ कोटी अख्रिस्ती लोकांना ख्रिस्ती करायचे तर किती मिशनरी लागतील, याचा हिशेब त्यात मांडला होता. उत्तर आले तीस हजार! हे गणित मांडणाऱ्या दोघांच्या हातून तोवर मुंबईत एकाही हिंदूने बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. मला या पुस्तिकेचे हसू येते, आणि थोडे कौतुकही वाटते. कारण गणित तीस हजारांचे असले तरी रोजचे काम अगदी लहान, कंटाळवाणे आणि पायी करायचे होते. सकाळी पंडितापुढे बसून मराठी शिकायची. हाताशी धड कोश नाही. मोल्सवर्थचा कोश यायला १८३१ साल उजाडायचे होते. सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी काढलेली मराठी पुस्तके होती, पण ती मराठी मुंबईच्या माणसाच्या तोंडची नव्हती. तेव्हा ऐकून ऐकूनच भाषा उचलायची आणि संध्याकाळी देवळापाशी, तळ्याकाठी, बाजारात उभे राहून मोडक्या मराठीत बोलायचे.

लोक जमत. गोरा माणूस मराठी बोलतो याचीच मौज असे. ते ऐकून घेत, प्रश्न विचारत, आणि ज्याचा धर्म त्याला बरा, अशा अर्थाचे काहीतरी बोलून घरी जात. हॉल यांना हे फार लागे. उघड विरोध असता तर त्याला तोंड देता आले असते. या सौजन्याचे काय करायचे, हे त्यांना कोणत्या कॉलेजात शिकवलेले नव्हते. त्यांच्या लिखाणात इथल्या देवधर्माविषयी जे शब्द येतात ते आज वाचवत नाहीत. मूर्ती, अंधार, सैतान याखेरीज त्यांना काही दिसतच नव्हते असे वाटते. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या प्रदेशात ते उभे होते आणि त्याची त्यांना गंधवार्ता नव्हती. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण माणूस रोज भेटू लागला की काही वेगळ्याच गोष्टी घडतात. त्यांतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट बेने इस्रायल लोकांची. कोकणातल्या रेवदंडा-अलिबागकडचे हे मराठी बोलणारे यहुदी. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शेकडो वर्षे इतर यहुद्यांपासून दूर राहिल्यामुळे त्यांची हिब्रू जवळजवळ गेली होती. काही प्रार्थना, सुंता, शनिवार, खाण्यापिण्याचे नियम एवढे राहिले होते. त्यांना धर्म शिकवायला कोचीनचे यहुदी शिक्षक येऊ लागले होतेच. अमेरिकन मिशनने मुंबईत आणि कोकणात शाळा काढल्या तेव्हा या समाजाची मुले त्यांत मोठ्या संख्येने आली, आणि त्यांच्यातलेच शिक्षकही मिशनने नेमले. मिशनऱ्यांना आशा होती की जुना करार मानणारे हे लोक नव्या कराराकडे सहज वळतील. वळले फारच थोडे. उलट झाले असे की, जुना करार मराठीत हाती आल्यावर आपण कोण, आपले सण कोणते, ते का पाळायचे, हे या लोकांना स्वतः वाचता येऊ लागले. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी तर १८३२ साली हिब्रूचे व्याकरणच मराठीत लिहून दिले. ख्रिस्ती करायला आलेल्यांनी मराठी यहुद्यांना अधिक पक्के यहुदी करून ठेवले! बेने इस्रायल समाजाच्या इतिहासकारांनी मिशनऱ्यांचे हे ऋण मोकळ्या मनाने नोंदवले आहे.

छापखान्याची गोष्टही अशीच. होरॅशिओ बार्डवेल नावाचे मिशनरी १८१६ मध्ये मुंबईत आले. त्यांना छपाई येत होती. १८१७ पासून अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून मराठी पत्रके आणि शुभवर्तमाने बाहेर पडू लागली. बाळशास्त्री जांभेकर तेव्हा पाच वर्षांचे होते; ‘दर्पण’ निघायला अजून पंधरा वर्षे होती. पत्रके वाचून किती जणांचे मन पालटले ते देव जाणे. पण हे छापकाम गणपत कृष्णाजींनी पाहिले, आपणही असे करावे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि १८३१ साली त्यांनी शिळाछापावर पंचांग छापले. सोवळ्याची अडचण येऊ नये म्हणून शाईत चरबीऐवजी तूप घातले. याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी अक्षरांना घाट दिला. त्यांच्या हाताखाली, लहान वयात, टाइपांचे खिळे घासायला एक गरीब मुलगा लागला. त्याचे नाव जावजी दादाजी. त्याच मुलाने पुढे निर्णयसागर उभारला, आणि वेद, पुराणे, काव्ये, शास्त्रे त्या सुबक अक्षरांत देशभर गेली. मूर्तिपूजेचे खंडन छापायला आणलेल्या यंत्राशेजारी शिकलेला हात अखेर संस्कृत ग्रंथांच्या कामी आला.

हॉल यांना यातले काही दिसले नाही. १८२१ साली न्यूएल पटकीने गेले. १८२५ मध्ये हॉल यांनी पत्नीला आणि दोन मुलांना प्रकृतीसाठी अमेरिकेला पाठवले आणि स्वतः मागे राहिले. १८२६ च्या मार्चमध्ये ते घाट चढून नाशिककडे गेले. तिथे पटकीची साथ होती. जवळचे औषध वाटून संपवले आणि परत निघाले. वाटेत एका खेड्यात रात्री देवळाच्या ओवरीत मुक्काम केला. तिथे आधीच दोन आजारी माणसे पडलेली होती. २० मार्चच्या पहाटे हॉल यांनाच पटकी झाली आणि काही तासांत ते गेले. बरोबर मिशनच्या शाळेतली दोन मुले होती. त्यांनी गावात खटपट करून जागा मिळवली आणि घोंगडीत गुंडाळून आपल्या गुरूला पुरले. ज्या देवळाविरुद्ध ते तेरा वर्षे बोलले, त्याच्याच ओवरीने त्यांना शेवटची रात्र आसरा दिला. पाटील-पुजाऱ्यांनी त्यांना हाकलले नाही. या प्रसंगाचा कोणी काय अर्थ लावावा ते मी सांगणार नाही.

हिशेबाने पाहिले तर मोहीम फसली होती. हिंदूंमधून बाप्तिस्मे बोटांवर मोजण्याइतकेसुद्धा झाले नव्हते. पण १८२४ साली मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली होती आणि १८२७ च्या अखेरीस ती सांभाळायला सिंथिया फरार आल्या. बोर्डाने परदेशी पाठवलेल्या अविवाहित स्त्रियांतल्या त्या अगदी सुरुवातीच्या. बोर्डालाही एकट्या बाईला पाठवणे नवीन होते आणि मुंबईकरांनाही नवऱ्याशिवाय आलेली बाई नवीन होती. १८३९ साली त्या नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. चौतीस वर्षे. त्यांनी प्रवचने केली नाहीत, कारण बायकांनी ती करायची नसत. मुलींना अक्षरे शिकवली. या शाळा पाहायला पुण्याहून जोतीराव फुले आले, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण फरारबाईंकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. सावित्रीबाईही झाल्या नाहीत. फरारबाईंनी त्यासाठी शिकवायचे थांबवले असे दिसत नाही.

नगरलाच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाला. हे मिशनचे पत्र, तेव्हा त्यात हिंदू धर्मावर टीका भरपूर. पण याच ‘ज्ञानोदया’त १८५५ मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मांग मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी इतके जळजळीत लिखाण त्याआधी मराठीत कोणी केले नव्हते. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. तिला छापायला जागा या परक्या पत्राने दिली, ही नोंद आपण करून ठेवायला हवी.

पुढे नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांतून पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले, विशेषतः १८७६ च्या आणि १८९९ च्या दुष्काळांनंतर. पोटासाठी बाटले, असे तेव्हा म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. भुकेल्याला भाकर देताना धर्म पुढे करणे मला पटत नाही. पण ज्यांनी त्याच लोकांना पिढ्यान्‌पिढ्या विहिरीवर येऊ दिले नाही, त्यांनी हा टोमणा मारताना जरा आवंढा गिळायला हवा. शिवाय माणूस केवळ भाकरीसाठी जाईल, तर भाकर संपल्यावर परत येईल. हे लोक आले नाहीत. त्यांच्या नातवंडांनी शाळांतून, दवाखान्यांतून महाराष्ट्रभर काम केले.

धर्मांतराने घरे मोडली, तेही खरे आहे. रेव्हरंड टिळकांचे घर आपल्या सर्वांच्या ओळखीचे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत आणि तरी दुरावलेला. काही वर्षांनी त्या नगरला त्यांच्याकडे गेल्या, आणि १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. पण आधीच्या वर्षांत त्यांनी काय सोसले ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. मिशनच्या अहवालात ‘एक ब्राह्मण कवी प्रभूकडे आला’ एवढी एक ओळ होत असेल. तिची किंमत पंढरपूरच्या आणि नाशिकच्या घरांतून कोण मोजत होते, हे अहवाल लिहिणाऱ्याला कळणे अवघड होते.

आणि टिळकांनी मिशनलाही सुखाने बसू दिले नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. साहेबी चालीची गीते बाजूला सारून त्यांनी अभंग, ओव्या, कीर्तन उपासनेत आणले. पगार मिशनचा आणि मन आपले, ही ओढाताण त्यांना सोसेना. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. देणारा गोरा आणि घेणारा काळा असेल तोवर दोघे भाऊ कसे होणार, हा प्रश्न त्यांनी कृतीने विचारला. मला वाटते, गवताच्या गंजीपासून निघालेल्या त्या साऱ्या खटाटोपाला विचारलेला हा सर्वांत अवघड प्रश्न होता.

हे नाते बरोबरीचे झालेले क्षणही आहेत. १८५७ च्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद रंगले. शेकडो लोक वाळूत उभे राहून ऐकत. त्या वादांचा इंग्रजी वृत्तांत लिहून ठेवला तो जॉर्ज बोवेन यांनी, म्हणजे प्रतिपक्षाने. हे बोवेन १८४८ साली अमेरिकेतून आले, थोड्याच काळात त्यांनी मिशनचा पगार नाकारला, देशी वस्तीत एका साध्या खोलीत राहिले, आणि १८८८ मध्ये मुंबईतच वारले. चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत.

आता फिलाडेल्फियाकडे परत येऊ. रॉयल वाइल्डर हे याच अमेरिकन मिशनमधून नगरला आलेले आणि पुढे कोल्हापुरात राहिलेले मिशनरी. अमेरिकेला परतल्यावर ते प्रिन्स्टनहून मिशनविषयक एक मासिक काढत. १८७८ साली गोपाळराव जोशी नावाच्या पोस्टातल्या माणसाने कोल्हापुरातून त्यांना पत्र लिहिले. मला माझ्या बायकोला शिकवायचे आहे, अमेरिकेत सोय होईल का? वाइल्डर यांचे उत्तर मिशनरी थाटाचे होते. आधी ख्रिस्ताला स्वीकारा, असा त्याचा रोख. गोपाळराव काही बधले नाहीत. वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोरचे मासिक त्यांनी चाळायला घेतले, त्यात हे पत्र वाचले आणि त्या मुलीला चार ओळी लिहून पाठवल्या. कसलीही अट घातली नाही.

ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. १८८३ च्या फेब्रुवारीत, निघण्यापूर्वी, तिने सेरामपूरला जाहीर भाषण केले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे तिने तिथे निक्षून सांगितले. सेरामपूर म्हणजे कॅरींचे गाव. १८१२ च्या तुकडीतल्या माणसांना पहिला आसरा तिथेच मिळाला होता. तिथून ती गेली फिलाडेल्फियाला. ‘हार्मनी’ जहाज ज्या गावाहून निघाले, त्याच गावात १८८६ साली ती डॉक्टर झाली. परत आली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेली. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. त्यांनी ती आपल्या घरच्या लोकांच्या दफनभूमीत ठेवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी आज तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. ज्याने अट घातली त्या मिशनऱ्याच्या मासिकातून, जिने अट घातली नाही त्या बाईपर्यंत पत्र पोहोचले. समुद्रापलीकडच्या नात्यांचा प्रवास असा वाकडातिकडा होतो.

हल्ली अमेरिकेतल्या अनेक चर्चांमधून दहा-पंधरा दिवसांच्या मिशन सहली निघतात. तरुण मुलेमुली आफ्रिकेत, मध्य अमेरिकेत, आशियात जातात. शाळेला रंग देतात, मुलांशी खेळतात, आपल्या श्रद्धेविषयी बोलतात, रडून निरोप घेतात. मला त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. खुद्द तिकडच्या ख्रिस्ती मंडळींतच यावर वाद चालतो की, ज्या पैशात वीस जणांची विमानाची तिकिटे निघाली, त्यात तिथल्याच गवंड्या-रंगाऱ्याला वर्षभर काम मिळाले असते. पण मला खटकते ते वेगळे. दहा दिवसांत माणसाला फक्त सांगता येते. समोरचा हसून मान हलवतो, आणि आपले म्हणणे पोहोचले असे वाटत असतानाच परतीचे विमान सुटते. हॉल यांचेही पहिले दहा दिवस असेच गेले असतील. त्यांना परतीचे जहाज नव्हते म्हणून अकरावा दिवस उजाडला, आणि मग पाचवे वर्ष, दहावे वर्ष.

शेवटी जस्टिन अ‍ॅबट यांच्याविषयी सांगतो. मिशनरी आईबापांचा हा मुलगा. वडील नगरला काम केलेले. स्वतः जस्टिन अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे होते, आणि टिळक ख्रिस्ती झाले त्या काळात त्यांचा टिळकांशी निकटचा संबंध होता. निवृत्त होऊन ते अमेरिकेला गेले. म्हातारपणी माणूस आठवणी लिहितो, नाहीतर बागेत बसतो. अ‍ॅबट यांनी महिपतीबुवा उघडले. भानुदास, एकनाथ, तुकाराम, रामदास यांची चरित्रे त्यांनी एकामागून एक इंग्रजीत आणली. १९२९ साली बहिणाबाईंचे आत्मचरित्र आणि अभंग इंग्रजीत आले. ज्या भक्तीची हॉल यांना गंधवार्ता नव्हती, तिच्यापायी या माणसाने आयुष्याची अखेरची वर्षे आणि पदरचा पैसा खर्च केला. १९३२ साली ते वारले तेव्हा ‘भक्तविजया’चे भाषांतर छापून व्हायचे होते. मागे राहिलेल्या स्नेह्यांनी ते पुरे करून १९३३ आणि १९३४ मध्ये दोन भागांत काढले. त्यावर भाषांतरकार म्हणून दोन नावे आहेत, जस्टिन अ‍ॅबट आणि पंडित नरहर गोडबोले.